रेवदंड्याचा मठ आणि हिप्पोचा बिशप

रेवदंड्याच्या कोटांत नारळीपोफळींच्या आडून पोर्तुगीज ख्रिस्तमंदिरांचे भग्नावशेष दिसतात. सातखणी मनोरा बहुतेक प्रवासी पाहून येतात. परंतु या कोटांत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेसुइट यांच्याबरोबर ऑगस्टिनियन साधूंचाहि मठ होता, हें फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. ज्याचें नांव या साधूंनीं धारण केलें, तो संत ऑगस्टिन आमच्या पदवीधरांस तत्त्वज्ञ म्हणून ठाऊक असतो. समाधी व अस्थी पूजणाऱ्या भाविकांशीं ज्याला नित्य व्यवहार करावा लागला, तो बिशप ऑगस्टिन मला अधिक जवळचा वाटतो.

उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते येथें ३५४ सालीं तो जन्मला आणि ३८७ मध्यें मिलान येथें बिशप अँब्रोज याच्या हस्तें त्यानें बाप्तिस्मा घेतला. त्याची आई मोनिका आफ्रिकेंतील रीतीप्रमाणें हुतात्म्यांच्या समाधींवर पेज, भाकरी व द्राक्षासव नेत असे. (आमच्या वाचकांस हा नैवेद्य परका वाटूं नये.) मिलानांत द्वारपालानें तिला अडविलें, कारण अँब्रोजनें ही चाल बंद केली होती, तेव्हांपासून तिनें ती मुकाट्यानें सोडली. पुढें हिप्पो येथें धर्माधिकार हातीं आल्यावर पुत्रानेंहि समाधींवरील मेजवान्या बंद पाडल्या.

चमत्कारांचा काळ सरला, असेंहि तो आरंभीं मानी. मग संत स्टीफन याच्या अस्थींचा अंश हिप्पोस आला, रोगी बरे झाल्याच्या वार्ता येऊं लागल्या, आणि वृद्ध बिशपानें त्या लिहवून घेऊन लोकांसमोर वाचविल्या. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच अशीं सुमारें सत्तर निवेदनें जमलीं. हें वार्धक्यांतील दौर्बल्य, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. त्याला श्रद्धा उपटावयाची नव्हती, तिला वळण लावावयाचें होतें. उपासना देवाची, हुतात्म्यांचा केवळ सन्मान, हा भेद 'ईश्वराचें नगर' या ग्रंथांत त्यानें कसोशीनें मांडला आहे. पुढें लोकांनीं त्याच्याहि अस्थी सार्डिनियास व तेथून इटलींतील पावियास नेल्या, हा भाग निराळा.

वांडालांचा वेढा हिप्पोस पडला असतां २८ ऑगस्ट ४३० रोजीं तो वारला. चौलच्या पोर्तुगीजांनींहि १५७०-७१ चा निजामशाही वेढा सोसला. परंतु १७४० मध्यें तें ठाणें मराठ्यांकडे आलें. साधु गेले, मठ ओसाड पडला. संत विद्वान असो वा नसो, त्याला दिवा लावणारीं घरें आसपास लागतात. खाडीपलीकडे कोर्लईस तीं राहिलीं. तेथील ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीजमिश्रित बोली आजहि बोलतात, आणि त्यांचें ख्रिस्तमंदिर माउंट कार्मेलच्या मातेचें आहे.