"आमच्याकडे बॉक्सर नाहीत"

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रोजेक्टची अर्धी टीम मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरात बसायची. रात्री उशिरा कॉल. डिप्लॉयमेंट संपायची वाट बघत इकडच्या तिकडच्या गप्पा व्हायच्या आणि तिकडचा एक सहकारी हटकून बॉक्सिंगवर यायचा. हुलिओ सेसार चावेस हे नाव मी त्याच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. १०७ विजय, ६ पराभव, २ बरोबरी. आपल्याला सचिनची शतकं पाठ असतात, तसे त्याला हे आकडे पाठ! धंदेवाईक बॉक्सरची सगळी कारकीर्द तिकडे अशी तीन आकड्यांत मावते, आणि ती शेंबड्या पोरालाही माहीत असते.

एकदा त्याने विचारलं, "तुमच्या महाराष्ट्रात कोणी बॉक्सर?"

मी ठोकून दिलं, "छे, आमच्याकडे कुस्ती. बॉक्सिंग म्हणजे हरियाणा नाहीतर मणिपूर."

माझं उत्तर चुकलं होतं. ते कळलं मात्र नगरला गेल्यावर.

आम्ही मूळचे नगरचे. (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून 'नगर'च ऐकू येतं.) लष्कर हा आमच्या शहराचा अर्धा चेहरा आहे. भिंगार कॅम्प, आर्मर्ड कोअरचं केंद्र, आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय. पाहुणे आले की त्यांना चांदबीबीचा महाल आणि हे संग्रहालय दाखवायचं, असा घराघरातला शिरस्ता. एका शनिवारी भाच्याला घेऊन गेलो. पॅटन रणगाड्यासमोर उभं राहून मी त्याला १९६५ चं युद्ध सांगत होतो. सियालकोट आघाडी, फिलोरा, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि त्यांचं मरणोत्तर परमवीर चक्र. कार्ट्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, लढाईत रणगाडा बंद पडला तर दुरुस्त कोण करतं?"

प्रश्न रास्त होता. ते काम ईएमई करते, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स ही लष्कराची शाखा. सपोर्ट टीम म्हणा ना! आपल्यासारखीच, कोणाच्या लक्षात न राहणारी. घरी येऊन त्याच रात्री ईएमईबद्दल वाचत बसलो आणि एका नावाशी थांबलो. क्राफ्ट्समन मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे. बॉक्सर.

आता 'चंदू चॅम्पियन' या सिनेमामुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. तेव्हा सिनेमा आलेला नव्हता, आणि मी, सोळा वर्षं महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांत शिकलेला इंजिनिअर, ते पहिल्यांदा वाचत होतो.

पेटकरांचा जन्म १९४४ चा. मुलूख तालमीचा, तेव्हा सुरुवात कुस्तीने होणार हे ओघाने आलंच. ग्लोव्हज हातात आले ते लष्करात गेल्यावर. त्या काळी आपल्याकडे बॉक्सिंग टिकून होतं त्यात लष्कराचा मोठा वाटा. तिथे रिंग होती, उस्ताद होते, आणि मुख्य म्हणजे दोन वेळचं पोटभर जेवण होतं. १९६४ साली टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, तिथे पेटकर भारताकडून बॉक्सिंगमध्ये उतरले. वय विशीच्या आत. चावेस पैशासाठी लढला आणि त्याची प्रत्येक लढत तिकिटं लावून झाली. जवानाची लढत ही ड्यूटी. थैली नाही, करार नाही. जिंकलास तर शाबासकी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला हजर.

पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं. सप्टेंबर १९६५, सियालकोट आघाडी. पेटकरांनी मुलाखतींत सांगितलेली आठवण अशी, की शिट्टी वाजली, जवानांना वाटलं चहाची वेळ झाली, म्हणून ते बाहेर पडले. प्रत्यक्षात तो हवाई हल्ल्याचा इशारा होता. पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतली ती कायमची. कमरेखालचं शरीर गेलं. वय वर्षं वीस, आणि बॉक्सरची कारकीर्द संपली.

मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं गेलं. १९६८ मध्ये ते तेल अवीवच्या स्पर्धांत टेबल टेनिस खेळून आले. अशा खेळाडूंच्या प्रवासखर्चासाठी तेव्हा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला होता. मग ऑगस्ट १९७२, पश्चिम जर्मनीतलं हायडेलबर्ग. ५० मीटर फ्रीस्टाइल, वेळ ३७.३३ सेकंद. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. शिवाय भालाफेक, अचूक भालाफेक आणि व्हीलचेअरची स्लॅलम शर्यत या तिन्हींत अंतिम फेरी.

३७.३३ म्हणजे किती, हे कळावं म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये पायांत फोमचा ठोकळा धरून नुसत्या हातांनी ५० मीटर पोहलो. ठोकळ्यामुळे पाय आपोआप तरंगतात, म्हणजे मी चीटिंगच करत होतो. तरी १ मिनिट ४४ सेकंद लागले आणि खांदे दोन दिवस बोंबलत होते. बॉक्सरच्या खांद्यांचं मोल मला तेव्हा कळलं. कारकीर्द संपली असं मी वर लिहिलंय खरं, पण ते खांदे पेटकरांबरोबर पाण्यात गेले असणार, असं मला आपलं वाटतं.

आता माझा खरा मुद्दा. "भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कोणाचं?" क्विझमधलं ठरलेलं उत्तर: अभिनव बिंद्रा, बीजिंग २००८. ऑलिम्पिकपुरतं ते बरोबरच आहे. पण आम्हा डेटाबेसवाल्यांना माहीत असतं, की उत्तर क्वेरीत काय अट घातली त्यावर ठरतं. 'ऑलिम्पिक' ही अट काढा आणि 'पॅरालिम्पिक' धरा, उत्तर ३६ वर्षं मागे सरकतं.

मग ही नोंद सापडत का नव्हती? कारण तेव्हा तो तक्ताच धड तयार झालेला नव्हता. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९४८ साली स्पर्धा सुरू केल्या, लंडन ऑलिम्पिक उघडलं त्याच दिवशी. १९७२ लाही या स्पर्धा पॅराप्लेजिक रुग्णांचे खेळ म्हणूनच ओळखल्या जात. म्युनिकचं ऑलिम्पिक ग्राम नंतर घरं म्हणून विकायचं होतं, तिथे सोय होईना, म्हणून यांची रवानगी हायडेलबर्गला. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती स्थापन झाली ती थेट १९८९ मध्ये. म्हणजे पेटकरांचं पदक आधीचं आणि ते मोजणारी समिती नंतरची.

याचे परिणाम साधे नव्हते. १९७६ आणि १९८० च्या पॅरालिम्पिकला भारताचा संघच गेला नाही. दुसरं सुवर्ण यायला २००४ उजाडलं, देवेंद्र झाझरियाचा भाला. पेटकर तोवर पुण्यात टेल्कोत नोकरी करत संसार चालवत होते. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी!

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, म्हणून आपण सगळे नाचलो. नाचायलाच हवं होतं. पण त्या ७२ वर्षांच्या बरोबर विसाव्या वर्षी एक मराठी माणूस पाण्यातून सोनं घेऊन वर आला होता, हे त्या दिवशी किती जणांना आठवलं? महिनाभरात त्याच पॅरिसमध्ये सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारीने पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचं रौप्य जिंकलं. भारताची त्या स्पर्धेतली एकूण पदकं २९. तक्ता आता भरतोय, तर पहिली ओळ कोणाची हे माहीत असलेलं बरं.

हायडेलबर्गच्या तलावात उतरले तेव्हा पेटकर सत्तावीस वर्षांचे होते. मी आता अठ्ठावीसचा आहे आणि अप्रेझल मनासारखं झालं नाही म्हणून गेला आठवडाभर तोंड पाडून बसलोय. असो.

त्या मेक्सिकन मित्राला मी नंतर मेल टाकला. लिहिलं, "मागे तुला चुकीचं सांगितलं. आमच्याकडे एक बॉक्सर आहे. त्याचा रेकॉर्ड तुमच्या तीन आकड्यांत बसत नाही, तेव्हा एकच आकडा पाठवतो. ३७.३३."

त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. "सेकंद? बॉक्सर?? कॉल लाव."

पुढचा तासभर आमचं डिप्लॉयमेंट तसंच पडून होतं.