देठाची विद्या

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानास एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक दिले. दोन भुवयांमधला देठ मात्र त्याने सुमारे पंचवीस दिवस राखला. त्यातूनच कातडीस रक्त पोहोचले.

१९७९ मध्ये अमेरिकेत स्टीफन आरियन यांनी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने उघडे पडलेले तोंड व गळा सांधण्यास छातीचा स्नायू कातडीसह वर वळविला. तेथेही आधार रक्तवाहिनीच्या देठाचाच!

आमच्या वकिली दृष्टीस एवढेच खटकते : वृत्तांतात साक्षीदार डॉक्टरांची नावे आहेत, कर्त्याचे नाही. नाव नोंदले नाही म्हणून ऋण फिटत नाही.