नावाड्याचा सातबारा

पावसाळ्यात कृष्णा फुगली म्हणजे सांगलीकरांच्या तोंडी एकच आकडा असतो. आयर्विन पुलाशी पाणी किती फूट? ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरदेखील सांगते. १९२९ साली हा पूल झाला. त्याचा इतिहास सांगताना आपण संस्थानिकांचे नाव घेतो, ज्याच्या नावाने पूल ओळखला जातो त्या व्हाइसरॉयचे घेतो. परंतु पुलापूर्वी माणसे, जनावरे आणि धान्याची पोती ह्या तीरावरून त्या तीरावर नेणारा जो नावाडी होता, त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. आज मला तेवढेच विचारावयाचे आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे वाचायला शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझा पहिला प्रश्न मजुराचा असतो : ह्या माणसाचे नाव कोणत्या कागदावर आहे?

नावाड्याचे नाव कागदावर क्वचितच असे. नदीकाठच्या गावांत सुगीला त्याला धान्य मिळे, ते गावाच्या रिवाजाने. कऱ्हाड-वाळवे हा त्या वेळचा सातारा जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. तेथे १८६८ च्या मुंबई तरींच्या कायद्याने सार्वजनिक तरीवर सरकारचा हक्क सांगितला आणि ती मक्त्याने देण्याची वाट मोकळी केली. ज्याच्या हाती वल्हे, तो मक्त्याच्या मुदतीपुरता धनी. मुदत सरली की कोणी नाही. शेतकऱ्याला जमिनीचा उतारा असतो. पाण्याचा उतारा कोणाच्या नावाने निघणार?

ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर किती महाग पडते, ते १९२१ साली मुळशीला दिसले. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मावळातील गावे बुडणार होती. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाची कथा आपण ऐकलेली आहे. परंतु त्या लढ्यात एक भेग होती, तीही सांगितली पाहिजे. पुष्कळ जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारे मावळे कुळे होते. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा मोबदला मोजी तो जमिनीवरील हक्काचा. ज्याच्या नावावर जमीन, त्याला रोख रक्कम परवडत होती. ज्याचा केवळ घाम त्या मातीत होता, तो रिकाम्या हाताने उठला.

पुढे १९५४ साली पाटण तालुक्यात कोयनेचे काम सुरू झाले. तेव्हा राज्य आपले होते, कायदा मात्र तोच जुना. सुमारे शंभर गावांना धरणाची झळ लागली. कोणी सांगली-सोलापुराकडे गेले, कोणी घाट उतरून कोकणात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या जमिनीचे प्रश्न एकविसाव्या शतकातही सुटलेले नव्हते. कोयनेच्या विजेने कारखाने चालले, त्या कारखान्यांत आम्ही पगार घेतला. म्हणून हे ऋण माझेही आहे.

जे वर डोंगराला चिकटून राहिले, त्यांच्या वाटाच पाण्याखाली गेल्या. पायवाटेने जाणारा माणूस लाँचने जाऊ लागला. बामणोली आणि तापोळा ही दोन ठिकाणे धक्के बनली. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील माणसाला दवाखाना, बाजार, कचेरी गाठावयाची तर शिवसागर ओलांडावा लागे. पुढे वासोट्याला जाणारी मंडळी येऊ लागली आणि धरणग्रस्तांच्याच मुलांनी बोटी घेतल्या. ज्या पाण्याने बापाचे शेत गिळले, त्याच पाण्यावर मुलाने चूल पेटवली.

आता त्या पाण्याला भाव आला आहे. २०२४ साली जावळी तालुक्यात मुनावळे येथे शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. तापोळ्याकडे जलाशयावर मोठ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले. ह्या दोन्ही गोष्टी मी वाईट म्हणत नाही. अडलेली बाळंतीण रात्री लाँचची वाट पाहत बसावी, असे कोण म्हणेल? पूल हवाच. प्रश्न एवढाच की, सर्वांच्या सोयीची किंमत एकट्या नावाड्याने का द्यावी?

हे दुखणे आपल्याच मुलखाचे आहे असे नाही. इंग्लंडात घर परवडत नाही म्हणून कालव्यात आणि गोद्यांत नांगरलेल्या बोटींवर संसार थाटलेली हजारो माणसे आहेत. बोट त्यांची, परंतु नांगरण्याची जागा गोदीच्या मालकाची. जमिनीवर भाड्याने राहणाऱ्याला किंवा चाकांवरच्या घरात राहणाऱ्याला कायद्याचे जे संरक्षण आहे, ते बोटीवरील बिऱ्हाडाला सहसा नाही. मालकाने काठावर नवे बांधकाम काढले की परवाना संपतो, आणि माणसाने आपले घर घेऊन जावे कोठे, हा त्याचा त्याने सोडवावयाचा प्रश्न ठरतो. थेम्स काय आणि कृष्णा काय, कागद नसलेल्या माणसाची गत एकच.

आपल्या देशात एक गोष्ट मात्र घडली आहे. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर २०१३ साली देशाने भूसंपादनाचा नवा कायदा केला. त्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत, संपादनापूर्वी तीन वर्षे पाण्यावर पोट असलेले मासेमार आणि नावाडी ह्यांचा स्पष्ट उल्लेख आला. १८९४ पासून मोजले तर कायद्याला नावाडी दिसावयास ११९ वर्षे लागली! तरीही त्यात एक अट आहेच. हा कायदा जागा होतो तो जमीन संपादन होते तेव्हा. शिवसागराचे पाणी तर आधीच सरकारचे. तेथे संपादन करावयाचे काय? म्हणजे कायद्यात आलेला नावाडी काठावर पुन्हा अदृश्य होतो.

ह्यावर उपाय काय? फार वर्षांपूर्वी एक कारखाना बंद पडला. कंत्राटी कामगारांची नावे मस्टरवर नव्हती, म्हणून ते कामगारच नव्हते असे मालकाने सांगितले. आम्ही घरोघर फिरलो. कोणाकडे गेटपास निघाला, कोणाकडे उपाहारगृहाचे कुपन, कोणाकडे जखमेच्या पट्टीची चिठ्ठी. ज्यांचे असे काही सापडले, त्यांना थोडेफार मिळाले. ज्यांचे सापडले नाही, ते आजही रस्त्यात भेटले की मी मान खाली घालतो. त्या दिवसापासून एक गोष्ट शिकलो : नोंद आधी, लढा नंतर.

शहरातल्या फेरीवाल्याला २०१४ च्या कायद्याने हीच गोष्ट दिली. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याला हलवू नये, असे तेथे लिहिले आहे. जे हातगाडीला मिळाले, ते नावेला का मिळू नये? बामणोलीपासून सांगलीच्या घाटापर्यंत जो पाण्यावर पोट भरतो, त्याची नोंद ग्रामसभेने आजच करावी : किती वर्षे, कोणती बोट, किती माणसे पोसली जातात. मग पूल बांधा, पर्यटन आणा. परंतु त्या नव्या धक्क्यावर पहिले नाव त्या यादीतले असू द्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. रस्ते आणि पूल पाण्याखाली जातात, त्या दिवशी सगळ्या गावाला नाव आठवते. तिची आणि ती चालविणाऱ्याची आठवण आपण पूर ओसरल्यावरही ठेवू शकलो, तर एवढ्या संध्याकाळी येथे जमल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.