बीटामॅक्स ते रूटकिट : सोनी कंपनीवरील ग्राहकविश्वासाच्या ऱ्हासाचा ऐतिहासिक अभ्यास (१९७५ ते २००८)

प्रस्तावना :
आर्थिक इतिहासात भांडवल, श्रम, किंमत आणि बाजारपेठ या घटकांचा विपुल अभ्यास झालेला आहे. त्या मानाने विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील विश्वास हा घटक उपेक्षित राहिला. विश्वासाची नोंद जमाखर्चाच्या वहीत होत नाही. तो असतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही; तो गेल्यानंतरच त्याचे मोल कळते. आज तंत्रज्ञान आणि माध्यम या क्षेत्रांतील बड्या कंपन्यांविषयी जगभरच्या ग्राहकांत नाराजी व संशय दिसून येतो. ही भावना एकाएकी निर्माण झालेली नाही, तिला स्वतःचा इतिहास आहे. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण म्हणजे २००५ साली अमेरिकेत उघडकीस आलेले सोनी बीएमजी कंपनीचे रूटकिट प्रकरण होय.

या प्रकरणाच्या निवडीमागे विशिष्ट कारण आहे. ज्या सोनीने १९८४ साली ग्राहकाच्या घरगुती ध्वनिचित्रमुद्रणाच्या हक्कासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लढा जिंकला, तिच्याच भागीदारीतील संगीतकंपनीने २१ वर्षांनंतर ग्राहकाच्या संगणकात त्याच्या नकळत प्रवेश केला. एकाच कंपनीच्या वाटचालीत असा बदल का घडावा, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) सोनीच्या ग्राहकविषयक भूमिकेतील बदलाचा कालक्रमानुसार मागोवा घेणे.
२) रूटकिट प्रकरणातील विश्वासभंगाचे नेमके स्वरूप स्पष्ट करणे.
३) या प्रकरणाचा आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ तपासणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून न्यायालयीन निर्णय, शासकीय तडजोडी व समकालीन घटनांच्या सार्वजनिक नोंदी यांचा आधार घेतला आहे.

यंत्रनिर्माता सोनी आणि ग्राहकाचा हक्क :
मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी १९४६ साली युद्धोत्तर टोकियोत एक छोटी कंपनी स्थापन केली. १९५८ पासून ती सोनी या नावाने ओळखली जाऊ लागली. ट्रान्झिस्टर रेडिओ आणि १९७९ चा वॉकमन यांमुळे हे नाव घराघरात पोहोचले. या काळात सोनी यंत्रे बनवीत होती. ग्राहक त्या यंत्रावर काय ऐकतो, काय पाहतो, याच्याशी तिचा फारसा संबंध नव्हता. यंत्र विकले की ते ग्राहकाचे झाले, इतका हा व्यवहार सरळ होता.

१९७५ साली सोनीने बीटामॅक्स हे घरगुती ध्वनिचित्रमुद्रक यंत्र बाजारात आणले. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मुद्रित करून सवडीने पाहण्याची सोय त्यामुळे झाली. १९७६ साली युनिव्हर्सल आणि वॉल्ट डिस्ने या चित्रपटकंपन्यांनी सोनीविरुद्ध दावा दाखल केला. ग्राहक घरी मुद्रण करून प्रताधिकाराचा भंग करतात आणि यंत्र विकणारी सोनी त्यास जबाबदार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. चित्रपट उद्योगाचे प्रतिनिधी जॅक व्हॅलेंटी यांनी तर १९८२ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर या यंत्राची तुलना बोस्टनच्या कुप्रसिद्ध खुन्याशी केली होती.

जिल्हा न्यायालयात सोनी जिंकली, अपील न्यायालयात हरली. अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निर्णय दिला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर आहे आणि ज्या यंत्राचा मोठ्या प्रमाणावर वैध उपयोग होऊ शकतो, ते विकणाऱ्यास गुन्हेगार ठरविता येत नाही, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. सोनीने हा खटला अर्थातच स्वतःच्या व्यापारासाठी लढविला होता. तथापि कंपनीचे हित आणि ग्राहकाचे हित त्या वेळी एकाच बाजूला उभे होते. ग्राहकाच्या विश्वासाचा पाया नेमका हाच होता.

आशयाच्या मालकीकडे वाटचाल :
न्यायालयात विजयी ठरलेले बीटामॅक्स बाजारात मात्र व्हीएचएस पद्धतीपुढे टिकले नाही. केवळ उत्तम यंत्र असून भागत नाही, त्यावर चालणारा आशयही हाती असावा लागतो, असा धडा सोनीच्या नेतृत्वाने यातून घेतल्याचे मानले जाते. १९८८ साली सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स ही संगीतकंपनी आणि १९८९ साली कोलंबिया पिक्चर्स ही चित्रपटकंपनी विकत घेतली. पूर्वी जिच्या विरोधात आशयाचे मालक उभे होते, ती सोनी आता स्वतःच आशयाची मालक झाली.

याच सुमारास प्रसारमाध्यमांचे स्वरूप पालटले. फिलिप्स व सोनी यांनी मिळून विकसित केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली होती. तीवरील संगीत अंकीय स्वरूपात असल्याने संगणकावर त्याची हुबेहूब प्रत काढणे पुढे सहज शक्य झाले. १९९९ साली नॅपस्टर ही गाण्यांची देवाणघेवाण करणारी सेवा सुरू झाली आणि संगीत उद्योग हादरला. उद्योगाची भीती निराधार नव्हती. विनामोबदला प्रतींमुळे कलावंत व कंपन्या यांचे नुकसान होत होतेच. प्रश्न उपायाचा होता. १९९८ च्या अमेरिकन अंकीय प्रताधिकार कायद्याने प्रत-संरक्षणाचे तांत्रिक कुलूप तोडणे हाच अपराध ठरविला होता. कायद्याचे असे पाठबळ मिळाल्यावर कंपन्यांनी ग्राहकाच्या घरातच कुलूप बसविण्याचा मार्ग धरला. २००४ साली सोनी आणि जर्मन बर्टल्समान समूह यांच्या समान भागीदारीतून सोनी बीएमजी ही संगीतकंपनी स्थापन झाली.

२००५ चे रूटकिट प्रकरण :
३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने एक शोध प्रसिद्ध केला. स्वतःच्या संगणकाची तपासणी करताना त्यांना काही लपविलेल्या फाइली आढळल्या. त्यांचा माग काढता त्या सोनी बीएमजीच्या एका सीडीपर्यंत पोहोचल्या. ती सीडी त्यांनी रीतसर विकत घेतलेली होती.

फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने तयार केलेली ‘एक्ससीपी’ नावाची प्रणाली या सीडीत होती. विंडोज संगणकात सीडी घालून तिच्यासोबतचा वादक-कार्यक्रम स्वीकारला की ही प्रणाली संगणकात ठाण मांडीत असे. ग्राहकाने तीनहून अधिक प्रती काढू नयेत, हा तिचा हेतू होता. ग्राहकाने ती काढून टाकू नये म्हणून तिने स्वतःला लपविण्याची व्यवस्था केलेली होती. विशिष्ट चिन्हांनी सुरू होणाऱ्या नावाची कोणतीही फाइल संगणकाच्या मालकालाच दिसेनाशी होई. संगणकाच्या गाभ्यात शिरून आपले अस्तित्व झाकणाऱ्या अशा साधनास तांत्रिक परिभाषेत ‘रूटकिट’ म्हणतात. घुसखोरांचे हे तंत्र एका प्रतिष्ठित कंपनीने आपल्याच ग्राहकांवर वापरले होते. सोबतच्या परवाना करारात या लपवाछपवीचा उल्लेख नव्हता.

याचा धोका उघड होता. ज्या पडद्याआड सोनी बीएमजीची फाइल दडत होती, त्याच पडद्याआड इतर कोणीही दडू शकत होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच या पडद्याचा आश्रय घेणारे उपद्रवी कार्यक्रम आढळून आले. एक्ससीपी प्रणाली ५२ संगीतसंचांच्या सीडींवर होती. अशा सुमारे ४७ लाख सीडी तयार झाल्या होत्या व त्यांपैकी सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. किमान ५ लाख ६८ हजार संगणक-जाळ्यांत या प्रणालीच्या खुणा आढळल्याचा अंदाज डॅन कामिन्स्की या सुरक्षातज्ज्ञाने मांडला.

कंपनीचा प्रतिसाद आणि परिणाम :
फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सुरक्षाकंपनीने ऑक्टोबर महिन्यातच सोनी बीएमजीला या धोक्याची कल्पना दिली होती. तरीही ग्राहकांना सावध केले गेले नाही. प्रकरण उघडकीस आल्यावर कंपनीच्या अंकीय व्यवसायाचे प्रमुख थॉमस हेस यांनी अमेरिकन नभोवाणीवर बोलताना, बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नसताना त्यांनी त्याची चिंता का करावी, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यानंतर प्रणाली काढून टाकण्यासाठी कंपनीने जे साधन दिले, त्यातच अधिक गंभीर सुरक्षादोष असल्याचे प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड फेल्टन व अॅलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले. अखेर नोव्हेंबरच्या मध्यास सोनी बीएमजीने या सीडी बाजारातून परत घेण्याची घोषणा केली.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी टेक्सास राज्याने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. ग्राहकांचे सामूहिक दावेही उभे राहिले. मे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार ग्राहकास निर्दोष सीडी आणि त्याखेरीज साडेसात डॉलर व एक संगीतसंच, किंवा तीन संगीतसंच देऊ करण्यात आले. डिसेंबर २००६ मध्ये टेक्सास व कॅलिफोर्निया यांना प्रत्येकी साडेसात लाख डॉलर देण्याचे कंपनीने मान्य केले. जानेवारी २००७ मध्ये संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत बाधित ग्राहकास १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे आणि पूर्वसंमतीवाचून असे कार्यक्रम न बसविण्याचे बंधन कंपनीवर आले. जानेवारी २००८ पर्यंत सोनी बीएमजीसह चारही प्रमुख संगीतकंपन्यांनी कुलूपविरहित अंकीय संगीताची विक्री स्वीकारली होती.

विश्वासभंगाचे स्वरूप :
भरपाईच्या आकड्यांवरून या प्रकरणाचे मोजमाप करता येणार नाही. त्यातील तीन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली बाब म्हणजे शिक्षा प्रामाणिक ग्राहकाला झाली. ज्याने गाणी फुकट उतरवून घेतली, त्याच्या संगणकात ही प्रणाली शिरली नाही. ज्याने दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजली, त्याचाच संगणक असुरक्षित झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा न्याय होता.

दुसरी बाब लपविण्याची आहे. प्रतींवर मर्यादा घालणारी कुलुपे यापूर्वीही होती आणि ग्राहक त्यांच्याविषयी कुरकुर करीत होता; पण कुरकुर करणारा ग्राहक दुकानाशी नाते टिकवून असतो. मालकाच्याच घरात मालकापासून लपून बसणे ही वेगळी कृती आहे. तिने गैरसोयीचे रूपांतर संशयात केले.

तिसरी बाब कायद्याची आहे. फेल्टन व हाल्डरमन यांना हा दोष रुसिनोविच यांच्या आधी सुमारे महिनाभर ज्ञात होता. परंतु १९९८ च्या कायद्यामुळे आपल्यावरच कारवाई होईल की काय, या शंकेने ते वकिलांचा सल्ला घेत राहिले. म्हणजेच घुसखोराला नव्हे, तर घुसखोरी दाखविणाऱ्याला कायद्याची धास्ती होती. २००६ साली अशा सीडींच्या सुरक्षा तपासणीपुरती सूट देण्यात आली, यावरून या चुकीची शासकीय पातळीवरही दखल घेतली गेली असे म्हणता येते.

भारतीय संदर्भ :
भारताने २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती करून कलम ६५अ समाविष्ट केले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. येथे हेतूची अट महत्त्वाची आहे. संगणकाच्या सुरक्षेची तपासणी करण्यासारख्या कृतींना या कलमात स्वतंत्र अपवादही आहेत. अमेरिकन अनुभव समोर असताना भारतीय कायदा तुलनेने संयत राहिला, असे दिसते. १९८६ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध दाद मागण्याचा मार्गही दिला आहे. मात्र दाद मागण्यासाठी प्रथम अन्याय दिसावा लागतो, आणि अडचण तेथेच आहे.

निष्कर्ष :
१) यंत्रनिर्माता असताना सोनीचे हित ग्राहकाच्या स्वातंत्र्यात होते. आशयाची मालकी आल्यावर ते ग्राहकावरील नियंत्रणात गुंतले. भूमिकेतील बदलाचे मूळ या हितसंबंधांच्या बदलात आहे.
२) ग्राहकाचा विश्वास गैरसोयीमुळे डळमळतो, परंतु तो मोडतो तो लपवाछपवी आणि बेपर्वाई यांमुळे.
३) विश्वासभंग उघडकीस आणणाऱ्यास कायद्याचे संरक्षण नसेल, तर ग्राहकहिताचे अन्य कायदे अपुरे ठरतात.

समारोप करताना एका बाबीचा निर्देश करणे आवश्यक वाटते. २००५ सालच्या ग्राहकाच्या हाती निदान एक सीडी होती. ती तपासता आली, परत करता आली, न्यायालयात पुरावा म्हणून ठेवता आली. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती दूरवरूनच पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे त्या प्रकाशनाचे हक्क नव्हते हे खरे, पैसेही परत केले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तरीही ‘विकत घेतले’ या शब्दप्रयोगाचा अर्थ त्या दिवशी बदलला. असा अंकीय आशय केवळ परवान्याने दिला जात असल्यास तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून मनाई केली आहे. जी वस्तू आपली म्हणून घरात ठेवता येत नाही, तिच्याबाबतीत फसवणूक झाल्यास ती सिद्ध तरी कशी करावयाची, हा प्रश्न यापुढील ग्राहक चळवळीसमोर आणि तिच्या अभ्यासकांसमोरही उभा आहे.