सँडईल मासेमारीबंदी, उत्तर समुद्रातील

उत्तर समुद्राच्या ब्रिटिश हद्दीत सँडईल या लहान माशाच्या व्यापारी मासेमारीवर घातलेले निर्बंध. २००० मधील स्थानिक बंदी आणि २०२४ मधील व्यापक बंदी हे त्यांचे दोन प्रमुख टप्पे. मासेमारी थांबल्यावर समुद्रपक्ष्यांच्या आहारावर व विणीवर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी हे उदाहरण वारंवार घेतले जाते.

मासा व मासेमारी : सँडईल (शास्त्रीय नाव ॲमोडायटिस मरीनस) हा सडपातळ, चरबीयुक्त मासा रात्री व हिवाळ्यात वाळूत पुरून राहतो. वसंत ऋतूत तो दिवसा वर येऊन कोपेपोडांसारखे सूक्ष्म प्राणिप्लवक खातो. एप्रिल ते जुलै हा त्याच्या मासेमारीचा हंगाम, आणि पक्ष्यांच्या विणीचाही. माशाचा उपयोग मुख्यतः फिशमील व तेलासाठी होतो. या मासेमारीत डेन्मार्कच्या बोटींचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर समुद्रातील वार्षिक पकड सुमारे १० लाख टनांपर्यंत गेली होती.

अवलंबून असणारे पक्षी : किटिवेक (रिसा ट्रायडॅक्टिला), आर्क्टिक सुरय, पफिन, गिलेमॉट, रेझरबिल, शॅग. यांपैकी किटिवेक हा कड्यांवर घरटी करणारा लहान कुरव आहे. तो पाण्याच्या वरच्या थरातच भक्ष्य पकडू शकतो. गिलेमॉट १०० मीटरपेक्षाही खोल बुडी मारतो आणि गरज पडल्यास इतर माशांवर भागवतो. त्यामुळे माशांची टंचाई सर्वांत आधी किटिवेक व सुरय यांच्या घरट्यांत दिसते. किटिवेक विणीच्या सुरुवातीला एक वर्षावरील सँडईल खातो. जूनपासून त्याच वर्षी जन्मलेल्या माशांकडे वळतो. जाळ्यांत मुख्यतः एक वर्षावरील मासे येतात. म्हणून मासेमारीशी थेट स्पर्धा होते ती अंडी घालण्यापूर्वीच्या व उबवणीच्या काळात.

२००० ची बंदी : स्कॉटलंडच्या पूर्वेस, फर्थ ऑफ फोर्थच्या तोंडाबाहेरील वी बँकी व लगतच्या उथळ भागांत १९९० मध्ये ही मासेमारी सुरू झाली. १९९३ मध्ये पकड १ लाख टनांवर गेली. जवळच्या आयल ऑफ मे बेटावर किटिवेकची वीण घटल्याच्या नोंदी होत्या. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेने (आयसीइएस) एक निकष सुचवला : प्रतिघरटे पिल्लांची सरासरी सलग तीन वर्षे ०.५ च्या खाली राहिल्यास मासेमारी बंद करावी. ती सलग तीन वर्षे ०.७ च्या वर गेल्यास पुन्हा सुरू करावी. मासेमारीचा निर्णय पक्ष्याच्या घरट्यावरून घेण्याची ही पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. २००० मध्ये युरोपीय संघाने पूर्व स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यालगतचे सुमारे २०,००० चौ. किमी. क्षेत्र बंद केले.

परिणाम : आयल ऑफ मे येथील किटिवेकच्या नोंदींत मासेमारीच्या वर्षांत विणीचे यश आणि प्रौढ पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण, दोन्ही कमी आढळले. बंदीनंतर विणीत सुधारणा दिसली. खोल बुडी मारणाऱ्या जातींत असा स्पष्ट बदल आढळला नाही. हिवाळ्यात समुद्र उबदार राहिल्यास विणीचे यश घटते, असेही याच नोंदी दाखवतात. २००४ मध्ये बंदी असूनही उत्तर समुद्रातील अनेक वसाहतींत वीण फसली. त्यामुळे सुधारणेतील बंदीचा व हवामानाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. किटिवेक २०१७ पासून जागतिक पातळीवर असुरक्षित गटात आहे.

शेटलंड : १९८० च्या दशकात या स्कॉटिश बेटांवर आर्क्टिक सुरयांची वीण वर्षानुवर्षे फसली. येथील सँडईल मासेमारी १९९० च्या दशकाच्या आरंभी काही वर्षे बंद होती. वीण फसण्याच्या कारणाबाबत मतभेद आहेत.

२०२४ ची बंदी व वाद : २६ मार्च २०२४ पासून उत्तर समुद्राचे इंग्लिश क्षेत्र व संपूर्ण स्कॉटिश क्षेत्र सँडईल मासेमारीस बंद झाले. युरोपीय संघाने ब्रिटनशी असलेल्या व्यापार व सहकार्य कराराखाली आक्षेप घेतला. हेग येथील लवादाचा निर्णय मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडची बंदी त्यात ग्राह्य ठरली. इंग्लिश क्षेत्राबाबत निर्णयप्रक्रियेत प्रमाणबद्धतेचा पुरेसा विचार झाला नाही, असे लवादाने म्हटले. मात्र बंदी उठवणे बंधनकारक केले नाही. २०२१ नंतरच्या बर्ड फ्लूने अनेक वसाहतींत मोठी हानी केल्यामुळे या बंदीचा परिणाम मोजताना तीही लक्षात घ्यावी लागते.

इतर प्रदेश : दक्षिण आफ्रिकेत २००८ पासून पेंग्विनांच्या काही बेटांभोवती सार्डिन व अँकोव्हीची मासेमारी आलटून-पालटून बंद ठेवून पाहण्यात आली, मार्च २०२५ मध्ये तडजोडीनंतर न्यायालयाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवती बंद क्षेत्रे ठरली. कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे १९९२ च्या कॉड मासेमारीबंदीनंतर गिलनेट जाळी उठली. या जाळ्यांत अडकणारे, बुडी मारणारे पक्षी तेथे वाढले, मासेमारीतील टाकाऊ मासळीवर जगणारे कुरव मात्र घटले. महाराष्ट्रातील १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी मुख्यतः माशांच्या प्रजननासाठी व मच्छीमारांच्या सुरक्षिततेसाठी असते. ती पक्ष्यांसाठी नसली, तरी याच किनाऱ्याजवळील वेंगुर्ला रॉक्स बेटांवर सुरयांच्या विणीचे एक ठिकाण आहे.