चिंतनवही : डिझाइनच्या विद्यार्थ्याची नोंद
डिझाइनच्या शिक्षणात रेखाटनाइतकेच मोल त्यामागील विचारांच्या नोंदीला असते. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' या ग्रंथात कृती चालू असतानाचे आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हा अशा नोंदीसाठी उत्तम विषय आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल काळात उभारलेली ही भूमिगत जलयोजना सातपुड्याकडील पाणी केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणते. 'कुंड्या म्हणजे सुट्या विहिरी' ही पहिली समजूत, त्या भुयाराने जोडलेल्या दिसताच ती कशी मोडली आणि त्यामुळे स्वतःच्या आराखड्यात काय बदलले, हे तीन मुद्दे त्याच दिवशी लिहावेत. चुकलेला अंदाज खोडला, तर शिकण्याचा मागही पुसला जातो.