काजळीवरची रेघ

स्वयंपाकघरात वेळ लावायचं छोटं घड्याळ असतं ना, तेच 1963-64 च्या सुमारास जेराल्ड कूयमन यांनी अंटार्क्टिकात वेडेल सीलच्या अंगावर बसवलं! घड्याळ काजळी धरलेली काच फिरवी, पाण्याचा दाब तिच्यावर रेघ ओढी. सील किती खोल, किती वेळ जातो, ते त्या रेघेवरून कळलं.

आणि 1964 पर्यंत साउथ जॉर्जिया बेटावर तेलासाठी एलिफंट सील मारले जात होते.

2004 च्या सुमारापासून याच एलिफंट सीलच्या डोक्यावर तापमान, क्षारता आणि खोली मोजणारं यंत्र चिकटवू लागले. श्वासासाठी सील वर आला की माहिती उपग्रहाकडे जाते. हिवाळ्यात जिथे बर्फामुळे जहाज पोचत नाही, तिथे सील पोचतो. केप डार्नलीजवळ समुद्रतळाकडे उतरणारं थंड, जड पाणी तयार होतं, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं; त्यात सीलनी आणलेल्या नोंदीही होत्या. वर्षाकाठी केस गळतात, तेव्हा यंत्रही गळतं.

इतिहास शिकवताना आम्ही शोधकांची नावं पाठ करून घेतली. या शोधकांना नाव नाही. ज्यांची चरबी वितळवली, त्यांच्याकडूनच आपण समुद्र शिकतो आहोत. हे ऋण कुठेतरी नोंदलेलं असावं, म्हणून हा लेखनप्रपंच.